एसीचा रिमोट: डिस्प्लेवर दिसतं ते आणि खरं होतं ते

टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबलं की ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढाच निरोप जातो. एसीचा रिमोट सहसा असं तुटक बोलत नाही. तुम्ही २५ चे २४ केलेत, की तो ‘चालू, कूल मोड, २४ अंश, पंखा मध्यम, स्विंग बंद, टायमर नाही’ अशी सगळी यादी नव्याने पाठवतो. प्रत्येक वेळी, कुठलंही बटण दाबलं तरी. ही यादी लक्षात ठेवायची जबाबदारी रिमोटची, म्हणून त्याला डिस्प्ले दिलेला असतो. शिवाय निरोप एकतर्फी जातो. साध्या इन्फ्रारेड रिमोटला एसीकडून उत्तर कधीच येत नाही. आतल्या युनिटचा बीप हीच काय ती पोच, आणि तीही तुमच्या कानांना मिळते, रिमोटला नाही.

थोडक्यात, डिस्प्लेवर दिसते ती तुम्ही दिलेली आज्ञा. एसी खरोखर काय करतोय ते त्यावरून कळत नाही. ‘रिमोटवर १८ दाखवतंय, पण खोली गार होत नाही’, ‘बंद केला तर चालू होतो’, ‘टायमर लावला होता, चाललाच नाही’ अशा तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

रिमोट आणि एसीची चुकामूक

रिमोट भलतीकडे धरून बटण दाबलं, किंवा मध्ये पडदा आला. बीप झाला नाही. रिमोटच्या हिशेबी एसी चालू झाला, प्रत्यक्षात तो बंदच आहे. आता पुन्हा तेच बटण दाबलं की रिमोट ‘बंद हो’ असा निरोप पाठवतो. आधीच बंद असलेला एसी फार तर बीप करतो आणि गप्प बसतो. तिसऱ्यांदा दाबल्यावर चालू होतो, आणि रिमोट खराब झाला अशी घरात चर्चा सुरू होते.

यावर दोन उपाय आहेत. रिमोट ‘चालू’ दाखवतोय आणि एसी बंद आहे, तर चालू-बंदचं बटण सोडून द्या. एसीकडे नीट रोख धरून तापमान एकदा वर आणि एकदा खाली करा. सगळी यादी पुन्हा जाते, त्यात ‘चालू’ही असतं. उलट प्रकार असेल, म्हणजे एसी चालू आणि रिमोट ‘बंद’ दाखवतोय, तर रिमोटच्या टोकाला जो छोटा काळसर किंवा पारदर्शक दिवा असतो तो तळहाताने घट्ट झाका आणि चालू-बंदचं बटण एकदा दाबा. निरोप बाहेर पडत नाही, पण डिस्प्ले ‘चालू’ होतो. हात काढा, पुन्हा दाबा, एसी बंद.

घरात एकाच एसीला दोन रिमोट असतील, किंवा कुणी मोबाइलच्या ॲपवरून एसी चालवत असेल, तर चुकामूक आणखी मजेशीर होते. ॲपवरून कुणी २६ केलेले असतात. तुमच्या हातातल्या रिमोटवर कालचे २० आहेत. तुम्ही फक्त पंख्याचा वेग बदलता, आणि यादीबरोबर २० ही जातात. तापमानाला हात न लावता ते बदलतं ते असं. दुसऱ्या कुणी सेटिंग बदलल्याची शंका असेल, तर बटण दाबण्याआधी डिस्प्लेवरची सगळी चिन्हं एकदा वाचून घ्यावीत.

या नियमाला अपवाद आहेत. स्विंग, टर्बो, युनिटवरचा दिवा यांचे निरोप काही रिमोटमध्ये ‘असेल तर बंद कर, नसेल तर चालू कर’ या प्रकारचे असतात. म्हणून बाकी सगळं जुळतं, पण टर्बोचं चिन्ह रिमोटवर आहे आणि एसीत टर्बो नाही, असं होऊ शकतं. तिथे तळहाताची युक्तीच कामाला येते.

सेल: डिस्प्ले दिसतो म्हणजे सेल चांगले असं नाही

बहुतेक रिमोटमध्ये ट्रिपल-ए आकाराचे दोन बारीक सेल लागतात, प्रत्येकी १.५ व्होल्टचे. डिस्प्लेला नगण्य वीज पुरते. निरोप पाठवताना मात्र इन्फ्रारेड दिव्याला क्षणभर त्याच्या कितीतरी पट जास्त करंट लागतो. त्यामुळे सेल उतरले तरी आकडे बरेच दिवस नीट दिसत राहतात, फक्त निरोप पोहोचत नाही. रिमोट एसीच्या अगदी जवळ नेल्यावरच बीप होऊ लागला, किंवा बटण दाबताच डिस्प्ले क्षणभर फिका पडू लागला, की सेल बदलायची वेळ झाली. चांगल्या सेलवर समोरून सात-आठ मीटरपर्यंत रिमोट सहज पोहोचतो.

दोन्ही सेल एकदम बदला, तेही एकाच प्रकारचे. एक नवा आणि एक जुना घातला तर जुना सेल लवकर गळतो. स्प्रिंगकडे सेलची सपाट बाजू, म्हणजे ऋण टोक. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात. काही रिमोट त्यावर बिनतक्रार चालतात, काहींचा पल्ला कमी होतो आणि आकडे फिकट दिसतात. तसं झालं तर साधे अल्कलाइन सेलच वापरावेत.

सेल बदलल्यावर रिमोटची स्मृती बहुधा पुसली जाते. घड्याळ शून्यावर, मोड बहुधा ऑटोवर, टायमर गायब. घड्याळ पुन्हा लावायला विसरलं, तर घड्याळावर चालणारा टायमर भलत्याच वेळी चालतो.

सेलच्या खोबणीत पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलेत. ही भुकटी क्षारधर्मी असते, तिला उघडं बोट लावू नका. कापसाची काडी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये जेमतेम ओली करून स्प्रिंग आणि पत्रे पुसा. मग साध्या पाण्याने ओलसर केलेल्या काडीने, मग कोरड्याने. पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका. हिरवा गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवला तरी पुरतो. ज्या महिन्यांत एसी लागत नाही त्या काळात सेल काढूनच ठेवलेले बरे.

मोड: सगळा खेळ इथे

मोडचं बटण एकेकदा दाबत गेलं की चिन्हं आळीपाळीने येतात. हिमकण म्हणजे कूल, पाण्याचा थेंब म्हणजे ड्राय, पात्यांचं चिन्ह म्हणजे नुसता पंखा, सूर्य म्हणजे हीट, आणि गोल फिरणारे बाण, त्रिकोण किंवा ए अक्षर म्हणजे ऑटो. थंडाव्यासाठी हिमकण हवा. हे सांगायची गरज पडू नये, पण मोडचं बटण चुकून दाबलं जाणं हे ‘एसी गार करत नाही’ याचं फार नेहमीचं कारण आहे. पंख्याच्या मोडमध्ये कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून थंडावा तयार करणारा पंप, बंदच असतो. हवा येते, युनिटवरचा दिवा लागतो, आणि खोली मात्र गार होत नाही. त्या मोडमध्ये तापमानाचा आकडा दिसेनासा होतो किंवा बदलत नाही. ही ओळखायची सोपी खूण.

कूलमध्ये खोलीचं तापमान तुम्ही लावलेल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तरच कॉम्प्रेसर चालतो. खोली २५ वर असताना २६ लावले तर थंड हवा येणार नाही, आणि त्यात बिघाड काहीच नाही. मोड बदलला किंवा बंद करून लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबतो. आतला गॅसचा दाब समतोल व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याआधी कॉम्प्रेसर सुरू झाला तर त्याच्यावर ताण येतो. ही तीन मिनिटं एसी स्वतः पाळतो. आपण अधीर होऊन पुन्हा बंद-चालू केलं की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.

ड्राय हा मोड लोक कमी वापरतात, आणि वापरतात तेव्हा चुकीच्या दिवशी. यात पंखा मंद होतो, कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, हवा थंड कॉइलवरून, म्हणजे आतल्या युनिटमधल्या गॅसच्या नळ्यांवरून, सावकाश जाते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडते. दमट पण फारसं ऊन नसलेल्या दिवशी, अंग चिकचिकत असताना, हा मोड उत्तम. खोली ३४ अंशांवर तापलेली असेल तर त्याच्याकडून काही होणार नाही. आधी कूल, मग हवं तर ड्राय. ड्रायमध्ये पंख्याचं बटण दाबलं तरी वेग बदलत नाही, आणि काही मॉडेलमध्ये तापमानही बदलता येत नाही. बटण बिघडलेलं नसतं, त्या मोडमध्ये ते मुद्दाम निकामी ठेवलेलं असतं.

हीटचा सूर्य रिमोटवर दिसला म्हणून एसी गरम हवा देईलच असं नाही. कंपन्या एकच रिमोट अनेक मॉडेलना देतात. फक्त थंड करणाऱ्या एसीला हीटचा निरोप दिला तर तो नुसता पंखा चालवतो किंवा काहीच करत नाही. खरोखर हीट असलेल्या एसीत सुरुवातीची काही मिनिटं पंखा फिरत नाही. कॉइल तापल्याशिवाय थंड झोत अंगावर येऊ नये म्हणून. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर मधूनच पाच-दहा मिनिटं गरम हवा थांबते. बाहेरच्या युनिटवर जमलेलं हिम तेव्हा वितळवलं जात असतं. दोन्ही वेळा रिमोटला हात न लावता थांबायचं.

ऑटो मोड आणि पंख्याचा ऑटो वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटो मोडमध्ये काय करायचं ते एसीच खोलीच्या तापमानावरून ठरवतो, आणि अनेक मॉडेलमध्ये तापमानही स्वतःच पक्कं करतो. पंख्याच्या ऑटोमध्ये फक्त वेग त्याच्यावर सोपवलेला असतो. रोजच्या वापरासाठी मोड कूल आणि पंखा ऑटो ही जोडी ठेवावी. तापमान तुमच्या हातात राहतं आणि वेगाची कटकट उरत नाही.

१६ लावल्याने लवकर गार होत नाही

तापमान बहुतेक रिमोटवर १६ ते ३० मध्ये लावता येतं. हा आकडा खोलीने गाठायच्या तापमानाचा आहे, झडपेतून येणाऱ्या हवेचा नाही. चालू कॉम्प्रेसरवर झडपेतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण ८ ते १२ अंशांनी थंड असते. कूल मोडवर, पंखा मोठ्या वेगावर, १५ मिनिटं चालल्यावर एक साधा थर्मामीटर झडपेपाशी आणि मग वरच्या जाळीपाशी, जिथून एसी हवा आत ओढतो, तिथे धरून बघा. फरक एवढा आला तर यंत्र ठीक आहे आणि रिमोटचे आकडे तपासायचे. दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो. फरक चार-पाच अंशांवर अडकला तर आधी फिल्टर धुवा, तरीही तसाच राहिला तर मेकॅनिकला बोलवा. त्यात रिमोटचा दोष नाही.

खोली ३२ वर असताना १६ लावले काय किंवा २४ लावले काय, साधा एसी त्याच एका वेगाने चालतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करू शकणारा, तोही एवढ्या फरकाला जवळपास पूर्ण जोर लावतो. वेगळं होतं ते नंतर. २४ लावलेल्या एसीचा कॉम्प्रेसर २४ जवळ आल्यावर थांबतो, किंवा इन्व्हर्टर असेल तर मंदावतो. १६ लावलेला एसी बहुतेक खोल्यांत १६ ला कधी पोहोचतच नाही, त्यामुळे थांबतही नाही. इन्व्हर्टरला जी बचत जमते ती मंद चालण्यातून येते, आणि १६ चा आकडा नेमका तोच मार्ग बंद करतो. २४ ते २६ आणि सोबत छताचा पंखा मंद ठेवला तर अंगाला तेवढाच गारवा जाणवतो.

आकडे ६१ ते ८६ च्या दरम्यान दिसू लागले तर घाबरायचं कारण नाही, रिमोट फॅरनहाइटवर गेलाय. ७५ म्हणजे जवळपास २४. परत सेल्सियसवर आणायला काही रिमोटमध्ये अधिक आणि उणे ही दोन्ही बटणं मिळून तीन सेकंद दाबून ठेवतात. काहींत रिमोट बंद ठेवून मोड आणि उणे एकत्र दाबतात. लहान मुलांच्या हातात रिमोट गेल्यावर हे हमखास होतं, कारण कुलूप लावायचीही अशीच दोन-दोन बटणांची युक्ती असते. डिस्प्लेवर छोटं कुलूप दिसतंय आणि एकही बटण चालत नाही, तर ज्या जोडीने ते लागलं त्याच जोडीने सुटतं. आधी अधिक-उणे एकत्र करून बघा. लॉक असं लिहिलेलं वेगळं बटण असेल तर ते काही सेकंद दाबून धरा.

टर्बो, इको आणि टक्क्यांचे आकडे

टर्बो, जेट, पॉवरफुल अशी नावं निरनिराळी, काम एक. पंखा सगळ्यात जोरात, कॉम्प्रेसर पूर्ण क्षमतेवर. बाहेरून तापून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं वापरायची ही गोष्ट. अनेक मॉडेलमध्ये ठरावीक वेळाने टर्बो आपोआप सुटतो, काहींत मात्र आपणच बंद करेपर्यंत चालू राहतो. टर्बो चालू असताना पंख्याचा वेग बदलला की बहुधा टर्बो रद्द होतो. ड्राय किंवा नुसत्या पंख्याच्या मोडमध्ये टर्बो चालतच नाही.

अलीकडच्या इन्व्हर्टर एसीत ४०, ६०, ८० टक्के असे पर्याय असतात. याने कॉम्प्रेसरच्या क्षमतेला वरची मर्यादा घातली जाते. रात्री, दार-खिडक्या बंद, खोलीत एक-दोन माणसं असताना ४० टक्के छान चालतं. तेच सेटिंग दुसऱ्या दिवशी दुपारी तसंच राहिलं की तासभर थांबूनही खोली २९ च्या खाली येत नाही, आणि गॅस संपल्याची शंका येते. मेकॅनिकला फोन करण्याआधी हा टक्क्यांचा आकडा १०० वर आहे का ते पाहा. इको किंवा इकॉनोचं बटणही तसंच, वीज वाचवायला एसीचा जोर आवरून धरतं. टर्बो आणि इको एकत्र लावता येत नाहीत. जे शेवटी दाबलं ते लागू होतं.

स्विंग आणि झडपा

स्विंग एकदा दाबलं की झडपा वर-खाली फिरतात, हव्या त्या कोनात आल्यावर पुन्हा दाबलं की तिथेच थांबतात. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. म्हणून कूलमध्ये झडपा आडव्या किंवा किंचित वर ठेवाव्यात, थंडावा खोलीभर पसरतो. हीटमध्ये उलट, झडपा खाली. कूलमध्ये झडपा अगदी खाली वळवून तासन्‌तास ठेवल्या तर त्यांच्यावर दव साचून पाणी ठिबकू शकतं.

आडव्या झडपांना हाताने ढकलू नका. त्यांच्यामागे लहानशी मोटर आणि प्लॅस्टिकचे दाते असतात. ढकलल्याने ते झिजतात, किंवा झडपेची जागा एसीच्या हिशेबातून सुटते आणि बंद केल्यावर ती अर्धवट उघडी राहते. तसं झालंच तर एसी रिमोटने बंद करा, मुख्य स्विच एक-दोन मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा चालू करा. चालू होताना झडप आपली टोकाची जागा नव्याने शोधते. आतल्या उभ्या पट्ट्या, डावीकडे-उजवीकडे वळणाऱ्या, बऱ्याच मॉडेलमध्ये हातानेच वळवायच्या असतात. पण एसी बंद असताना.

स्लीप आणि टायमर

स्लीप म्हणजे चंद्राचं चिन्ह. एसी बंद करण्यासाठी ते आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात नेहमीची पद्धत अशी: पहिल्या तासानंतर तापमान एक अंश वर, दुसऱ्या तासानंतर आणखी एक, मग तिथेच स्थिर. पंखा मंद. हीटमध्ये याच्या उलट, आकडा खाली जातो. काही एसी सात-आठ तासांनी स्वतःहून बंद होतात, सगळे नाही. झोपेत शरीराचं तापमान थोडं उतरतं, त्यामुळे ही वाढ सहसा कळत नाही. पण २७ लावून स्लीप दाबलं तर पहाटे एसी २९ वर असतो आणि उकडून जाग येते. पहाटे २६ हवे असतील तर झोपताना २४ वर लावून स्लीप दाबायचं. मधल्या काळात रिमोटवर आकडा २४ च दिसत राहिला तरी गोंधळू नका, तो बदल एसीच्या आत होतो.

टायमर दोन प्रकारचे असतात: ‘इतक्या तासांनी’ आणि ‘इतक्या वाजता’. पहिला जास्त आढळतो. एसी बंद व्हायचा टायमर लावायला:

१. एसी चालू ठेवून मोड आणि तापमान आधी लावून घ्या.
२. टायमरचं बटण दाबा. तासांचा आकडा लुकलुकू लागेल.
३. अधिक-उणेने वेळ लावा. बरेचदा आधी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पायऱ्या येतात, दहा तासांच्या पुढे एकेका तासाच्या.
४. आकडा लुकलुकत असतानाच टायमर किंवा सेट पुन्हा दाबा. पाच-सात सेकंद नुसते गेले तर काही रिमोट वेळ पक्की करतात, काही सोडून देतात. त्यामुळे दाबलेलंच बरं.
५. बीप ऐका, आणि युनिटवर टायमरचा दिवा लागला का ते बघा.

पाचवी पायरी गाळू नका. आकडा रिमोटवर दिसतोय एवढ्याने टायमर लागत नाही, तो आतल्या युनिटपर्यंत पोहोचावा लागतो. चालू व्हायचा टायमर बंद एसीवर लावतात, आणि एसी चालू होतो तो शेवटी ठेवलेल्या सेटिंगवर. म्हणून मोड आणि तापमान ठरवून, मग एसी बंद करून टायमर लावायचा. ‘इतक्या वाजता’ प्रकारात रिमोटचं घड्याळ बरोबर हवं. बारा तासांच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची गफलत ही नेहमीची. काही रिमोटमध्ये टायमर रिमोटच सांभाळतो आणि वेळ झाली की स्वतः निरोप पाठवतो. टायमर लावताना युनिटवर दिवा लागला नाही तर तुमचा रिमोट या जातीचा असू शकतो. तो मग एसीच्या समोर उघड्यावर ठेवावा लागतो, खणात किंवा उशीखाली चालत नाही.

वीज जाऊन आली की अनेक एसी मोड आणि तापमान आठवून आपोआप चालू होतात, पण टायमर पुसला जातो. रात्री वीज गेली असेल तर सकाळपर्यंत एसी चालू राहण्याचं कारण बहुधा तेच.

क्वचित लागणारी, पण उपयोगाची बटणं

डिस्प्ले किंवा लाइटचं बटण युनिटवरचा आकडा विझवतं. युनिटवर दिवा नाही म्हणजे एसी बंद असं समजू नये, कुणीतरी हे बटण दाबलेलं असू शकतं. क्लीनचं बटण काही एसीत फक्त बंद अवस्थेत चालतं. त्यात कॉइलवर आधी बर्फ जमवून मग तो वितळवला जातो. वीस-तीस मिनिटं कडकड आवाज येतो, कधी थोडी वाफ दिसते. याने कॉइल धुतली जाते, फिल्टर नाही. तो हातानेच धुवावा लागतो. एसीला कुबट वास येत असेल तर बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या पंख्याच्या मोडवर चालवा, कॉइल वाळते आणि वास बराच कमी होतो.

आय फील किंवा फॉलो मी हे बटण खरं तर फार कामाचं आहे. एरवी एसी तापमान मोजतो ते छताजवळच्या स्वतःच्या जाळीपाशी, जिथे हवा तुमच्या अंगाजवळच्यापेक्षा गरम असते. हे बटण दाबलं की रिमोटमधला सेन्सर मोजमाप करतो आणि दर काही मिनिटांनी आकडा एसीला पाठवतो. त्यासाठी रिमोट तुमच्या जवळ आणि एसीच्या दृष्टिपथात हवा. उन्हात, टीव्हीवर किंवा दिव्याखाली ठेवला तर तो खोली आहे त्यापेक्षा गरम समजतो आणि एसी गारठवून सोडतो. पांघरुणाखाली गेला तर निरोप थांबतात आणि थोड्या वेळाने एसी आपल्या सेन्सरवर परततो.

रिमोट अजिबात चालत नसेल तर

आधी नवे सेल आणि एसीचा मुख्य स्विच. मग मोबाइलचा कॅमेरा. पुढचा कॅमेरा, म्हणजे सेल्फीचा, चालू करून रिमोटचा दिवा त्याच्यासमोर धरा आणि बटण वारंवार दाबा. दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड गाळणारी काच असते. पुढच्यातही काही दिसलं नाही तर तोच प्रयोग टीव्हीच्या चालू रिमोटवर करून बघा. त्याचा दिवा दिसला आणि एसीच्या रिमोटचा नाही, तर दोष नक्की रिमोटचा.

मग सेल काढा, कुठलंही बटण दहा सेकंद दाबून ठेवा, एखाद-दोन मिनिटं थांबून सेल परत घाला. काही रिमोटवर रीसेटचं बारीक छिद्र असतं, तिथे टाचणीने हलकेच दाबा. फक्त ठरावीक बटणं चालत नसतील तर रबराच्या चटईखालचे काळे ठिपके मळले किंवा झिजले असतात. रिमोटच्या कडेच्या फटीत प्लॅस्टिकचं जुनं कार्ड घालून तो उघडा. सर्किट आणि ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या काडीने पुसा, वाळू द्या. पडल्यावर बंद पडलेल्या रिमोटमध्ये दिव्याच्या पायांची झाळ तुटलेली असू शकते. झाळकाम येणाऱ्याला ते मिनिटभराचं काम आहे.

दिवा लुकलुकतो तरी एसी ऐकत नाही, तर घेणाऱ्याकडे बघा. युनिटच्या रिसीव्हरवर थेट ऊन पडत असेल तर पडदा ओढून प्रयत्न करा. जुन्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबही कधी आड येतात, त्या बंद करून बघा. तरीही नाही, आणि खाली सांगितलेल्या बटणाने एसी व्यवस्थित चालतो, तर रिसीव्हरचं सर्किट गेलंय. ते मेकॅनिकचं काम.

रिमोटशिवाय एसी, आणि नवा रिमोट

युनिटचं पुढचं झाकण उचललं की, बहुधा उजवीकडे, एक छोटं बटण दिसतं. पेनाच्या टोकाने एकदा दाबा, एसी ऑटो किंवा कूलवर चालू होतो. पुन्हा दाबा, बंद होतो. ते पाच सेकंद दाबून धरू नका. त्याने अनेक मॉडेल चाचणीच्या अवस्थेत जातात, आणि मग खोलीचं तापमान न बघता कॉम्प्रेसर चालू ठेवतात. एसी रोज मुख्य स्विचने बंद करायची सवयही नको. चालत्या कॉम्प्रेसरची वीज अचानक तुटते आणि झडपा उघड्याच राहतात.

नवा रिमोट घेताना जुन्याच्या पाठीवरचा किंवा सेलच्या खोबणीतला मॉडेल क्रमांक जुळवा, नुसतं कंपनीचं नाव आणि बटणांची ठेवण नाही. अगदी सारखे दिसणारे दोन रिमोट निराळी भाषा बोलतात. जुना हाताशी नसेल तर आतल्या युनिटच्या बाजूच्या स्टिकरवरचा क्रमांक घेऊन जा.

युनिव्हर्सल रिमोट तात्पुरता चांगला. सेटचं बटण दाबून ठेवलं की कोडचा आकडा लुकलुकतो. तक्त्यात तुमच्या कंपनीपुढे जे चार-पाच किंवा अधिक कोड दिलेले असतील ते एकेक करून घालून बघा. तक्ता नसेल तर आपोआप शोधायची सोय वापरा. रिमोट एसीकडे धरून ठेवायचा, तो एकामागून एक कोड पाठवत जातो. एसीने बीप करताच कुठलंही बटण दाबून शोध थांबवायचा. उशीर झाला तर तो पुढच्या कोडवर निघून जातो, तेव्हा एक-दोन आकडे मागे या. पहिला बीप मिळाला म्हणून तिथेच थांबू नका. तापमान, सगळे मोड, पंख्याचे वेग, स्विंग, टायमर असं एकेक तपासा. चालू-बंद आणि तापमान जुळतं पण स्विंग किंवा टर्बो नाही, असे कोड पुष्कळ निघतात. त्याच कंपनीचे पुढचे दोन-तीन कोड लावून बघितले की बहुधा पूर्ण जुळणारा सापडतो. तो आकडा खोबणीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा, कारण सेल बदलल्यावर काही युनिव्हर्सल रिमोट कोड विसरतात.